गावोगावचे आवाज वेचणारी संगीतकार

नांदेडला लागून, गोदावरीच्या काठावर विष्णुपुरी आहे. धरण, उपसा सिंचन योजना आणि काळेश्वराचं देऊळ यांमुळे हे नाव मराठवाड्यात सगळ्यांच्या परिचयाचं आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, इथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या मुलामुलींचं हे विद्यापीठ. त्याच्या परिसरात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे आणि माध्यमशास्त्र संकुलही आहे. एकीकडे गाणं आणि नाटक, दुसरीकडे कॅमेरा, ध्वनी आणि संपादन. आजच्या तरुण संगीतकाराला या दोन्ही विद्या लागतात. चाल बांधायची, ती स्वतः मुद्रित करायची, संगणकावर तिचे थर रचायचे आणि चित्राशी तिची सांगड घालायची, ही सगळी कामं आता बरेचदा एकच माणूस करतो.

अशी उमेद बाळगणाऱ्या इथल्या मुलांना एक प्रश्न सतत छळतो. मुंबईला गेल्याशिवाय हे जमेल का? या प्रकरणात ज्या संगीतकाराची ओळख करून घ्यायची आहे, तिच्या कामात या प्रश्नाचं उत्तर आहे. ती मुंबईत राहिली, हिंदी सिनेमात तिने नाव कमावलं. पण तिचं सगळ्यात मोलाचं संगीत तिला मुंबईबाहेर सापडलं: हरियाणातल्या रागिनीच्या फडात, बिहारमधल्या बायकांच्या गाण्यात आणि थेट कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर. तिचं नाव स्नेहा खानवलकर.

इंदूरचं घर

स्नेहाचा जन्म १९८३ सालचा, इंदूरचा. होळकरांच्या या शहरात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. लता मंगेशकरांचा जन्मही इथलाच, २८ सप्टेंबर १९२९चा. स्नेहाच्या आजोळी ग्वाल्हेर घराण्याचं गाणं होतं. हे घराणं मराठी माणसाला परकं नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि इथल्या ख्यालगायनाचा पाया घातला. त्यामुळे सूर-तालाचे संस्कार स्नेहावर लहानपणीच झाले.

माळव्याच्या या मातीत आणखी एक मोठा धडा पडलेला होता. कुमार गंधर्व १९४८च्या सुमारास इंदूरजवळच्या देवासला राहायला आले. क्षयाच्या आजारामुळे त्यांना काही वर्षं गाता येत नव्हतं. त्या सक्तीच्या मौनात आसपासच्या बायका-माणसांची माळवी लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली, गोळा केली, त्यांचं स्वरलेखन केलं. या लोकधुनांतून त्यांना नवे राग सापडले आणि त्यांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटलं. लोकसंगीत हे शास्त्रीय संगीताचं मूळ आहे, असं नुसतं म्हणणारे पुष्कळ होते. कुमारांनी ते गाऊन दाखवलं. स्नेहाचं काम वेगळ्या क्षेत्रातलं आणि वेगळ्या काळातलं आहे. पण आधी ऐकायचं आणि मग रचायचं, हा क्रम दोघांच्याही कामात दिसतो.

२००१च्या सुमारास स्नेहा मुंबईला आली. सुरुवातीला तिने अ‍ॅनिमेशन आणि कलादिग्दर्शनात हात घालून पाहिला, मग संगीत हेच आपलं काम असं ठरवलं. चित्राकडून संगीताकडे आल्यामुळे एक गोष्ट तिच्या अंगी मुरलेली दिसते. गाणं ज्या जागेतून आलं ती जागा, तिथला गोंगाट, तिथल्या माणसांचा उच्चार, हे सगळं ती गाण्यात ठेवते. तिची गाणी ऐकताना डोळ्यांपुढे एक ठिकाण उभं राहतं.

रागिनीच्या फडात

२००८ साली दिबाकर बॅनर्जी यांचा ‘ओये लकी! लकी ओये!’ आला. दिल्ली आणि आसपासच्या परिसरातल्या एका चोराची ही कथा. तिला त्या भागाचाच आवाज हवा होता. स्नेहा तेव्हा पंचविशीत होती. ती हरियाणात गेली आणि रागिनीचे फड ऐकत हिंडली.

रागिनी हा हरियाणाचा लोकप्रिय गायनप्रकार. पौराणिक कथा, प्रेमकथा, सवाल-जवाब असं काहीही त्यात येतं. गायक खुल्या गळ्याने, वरच्या पट्टीत गातात. साथीला हार्मोनियम, बेंजो आणि घडवा, म्हणजे तोंडावर रबर ताणून बसवलेला मटका. रात्र-रात्र चुरस रंगते. समोर बसणारे बहुतेक पुरुषच. अशा ठिकाणी एका तरुण मुलीने रेकॉर्डर घेऊन बसणं हीच मोठी हिमतीची गोष्ट होती.

या शोधातून चित्रपटात आलेलं ‘तू राजा की राजदुलारी’ हे गाणं ऐकून बघा. मूळ रागिनीत शिव-पार्वतीचा संवाद आहे: राजाच्या लेकीला वैरागी नवरा आपल्या फाटक्या संसाराची कल्पना देतो. चित्रपटात ते राजबीर या हरियाणवी गायकाच्या आवाजात आहे. तो आवाज टोकदार आहे, शब्द हरियाणवी ठसक्याचे आहेत, आणि सूर लावताना तो कुठेही गुळगुळीत होत नाही. मुंबईतल्या एखाद्या तयार पार्श्वगायकाकडून हेच गाणं गाऊन घेता आलं असतं. सूर आणखी नेटके लागले असते, पण गाण्यातला माणूस हरवला असता. याच चित्रपटात पंजाबचे ढाडी गायक देसराज लचकानी यांच्या आवाजात ‘जुगनी’ आहे. ढाडी म्हणजे ढड्ड नावाच्या छोट्या तालवाद्यावर आणि सारंगीवर शूरांच्या कथा गाणारे लोक. आपल्या पोवाड्याचे हे पंजाबी भाऊबंद.

स्नेहाच्या कामाचं सूत्र इथे पक्कं झालं. चाल उचलून आणायची नाही, गाणाऱ्यासकट गाणं आणायचं. त्याच्या गळ्याला बसेल अशी वाद्यांची रचना करायची, त्याच्या पट्टीत आपण जायचं.

मराठी सिनेमातही अशी एक मोठी वाट होती. जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) हृदयनाथ मंगेशकरांनी ठाकर समाजाच्या गाण्याचे ताल आणि वळणं घेऊन संगीत रचलं. शब्द होते ना. धों. महानोरांचे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या पळसखेडच्या शेतकरी कवीचे. पुढे २०१६ साली अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद मुद्रित केला आणि करमाळ्याच्या मातीतली गोष्ट शेकडो तारांच्या झंकारात मांडली. गावाकडची कथा जगाच्या वाद्यांवर नेण्याची ती वाट. स्नेहाची वाट उलट दिशेची आहे: शहरातल्या स्टुडिओला उठवून गावात नेण्याची. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण दुसरीला पैसा कमी लागतो आणि पायपीट जास्त करावी लागते, म्हणून नवशिक्याला ती अधिक जवळची आहे.

वासेपूर आणि त्रिनिदाद

अनुराग कश्यप यांच्या ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ने (२०१२) स्नेहाचं नाव सर्वदूर नेलं. धनबादच्या कोळसा पट्ट्यातल्या टोळ्यांची पिढ्यांची वैरं सांगणारा हा दोन भागांचा चित्रपट. पहिला भाग २२ जून २०१२ला प्रदर्शित झाला, दुसरा ऑगस्टमध्ये. संगीतासाठी स्नेहा बिहारमध्ये हिंडली. तिथल्या रेखा झा आणि खुशबू राज यांनी गायलेलं ‘वुमनिया’ ऐकताना लग्नघरातल्या बायकांचा मेळा समोर येतो. आपल्याकडे हळदीला, उखाण्यांच्या वेळी बायकांच्या थट्टेला जसा ऊत येतो, तोच खट्याळपणा या गाण्यात आहे. वरुण ग्रोव्हर यांचे शब्दही त्याच बोलीतले. दुसऱ्या भागात मुंबईच्या लोकलमध्ये गाणाऱ्या एका लहान मुलीचा आवाज आहे. आपल्यापैकी अनेकांनी असे आवाज गाडीत ऐकले असतील. स्नेहाने त्यातली एक गायिका ओळखली.

पण ती बिहारपाशी थांबली नाही. १८४५ साली ‘फतेल रझाक’ या जहाजातून भारतीय मजुरांची पहिली तुकडी त्रिनिदादला पोहोचली. पुढची सत्तर-एक वर्षं उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी बिहार आणि उत्तर प्रदेशातून माणसं तिकडे जात राहिली. करारावर गेलेली ही माणसं ढोलक, झांज आणि भोजपुरी गाणी बरोबर घेऊन गेली. तिथल्या कॅलिप्सो आणि सोका संगीताशी त्यांची सोयरीक झाली आणि त्यातून ‘चटणी’ नावाचं झणझणीत संगीत जन्माला आलं. स्नेहाने त्रिनिदादला जाऊन तिथल्या गायकांना गाठलं. वेदेश सोकू यांनी गायलेलं ‘हंटर’ हे त्या भेटीचं फळ. दीडशे वर्षांपूर्वी बिहारमधून निघालेला सूर समुद्र ओलांडून बिहारच्याच गोष्टीत परत आला. इतिहासाच्या पुस्तकातलं स्थलांतर इथे कानाने कळतं. संगीतकाराला भूगोल आणि इतिहास का वाचावा लागतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

या संगीतासाठी स्नेहाला फिल्मफेअरचं सर्वोत्तम संगीतकाराचं नामांकन मिळालं. उषा खन्ना यांच्यानंतर हे नामांकन मिळवणारी ती दुसरीच स्त्री. सरस्वतीदेवी आणि जद्दनबाई यांनी १९३५ सालीच हिंदी बोलपटांना संगीत दिलं होतं, हे लक्षात घेतलं तर ही ‘दुसरी’ येईपर्यंत किती काळ जावा लागला ते दिसतं. आपल्याकडे लता मंगेशकरांनी ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ अशा चित्रपटांना अप्रतिम संगीत दिलं, तेही ‘आनंदघन’ या टोपणनावाने. मीना खडीकरांनीही संगीतकार म्हणून काम केलं. स्त्रियांनी गायचं आणि पुरुषांनी चाली बांधायच्या, ही वाटणी प्रतिभेने ठरवलेली नव्हती, सवयीने ठरवलेली होती. संगीत शिकणाऱ्या मुलींनी ही गोष्ट मनात पक्की ठेवावी.

आवाजाचं गाणं कसं होतं

२०१२ सालीच एमटीव्हीवर स्नेहाची ‘साउंड ट्रिपिन’ ही मालिका आली. तिची कल्पना साधी होती. एका भागात एक ठिकाण. तिथे जायचं, तिथले आवाज टिपायचे, तिथल्या गायक-वादकांना भेटायचं आणि त्या सगळ्यातून एक गाणं उभं करायचं. पंजाबातल्या किला रायपूरच्या ग्रामीण खेळांतले आवाज घेऊन, ज्योती आणि सुलताना या नूराँ भगिनींच्या दमदार गळ्यासह तिने ‘टुंग टुंग’ बांधलं. पुढे हे गाणं २०१५च्या ‘सिंग इज ब्लिंग’ या हिंदी चित्रपटात नव्या रूपात आलं. प्रेक्षकाला एरवी तयार गाणं तेवढं ऐकायला मिळतं. इथे ते कच्च्या मालापासून कसं घडतं, हे चित्रासह बघायला मिळालं. संगीतकार, प्रवासी आणि दृश्य माध्यमातली कलावंत अशा तिच्या तिन्ही भूमिका या मालिकेत एकत्र आल्या.

रोजच्या आवाजांतून संगीत करण्याची ही रीत जगात पाऊणशे वर्षांची आहे. पॅरिसमधला रेडिओ अभियंता पिएर शेफर याने १९४८ साली बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले. तबकडीवरच्या रेषा बंद करून एकच तुकडा फिरत राहील अशी युक्ती केली आणि त्यातून एक रचना तयार केली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती फ्रेंच रेडिओवरून वाजली. भारतातही हा प्रयोग फार लवकर झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, जिनराज जोशीपुरा अशा कलावंतांनी तिथे काम केलं. ती मुद्रणं अनेक दशकं पेट्यांत पडून राहिली आणि २०२३ साली जगापुढे आली. आपल्या सिनेमाने ही युक्ती गाण्यात मुरवली ती राहुलदेव बर्मन यांच्यासारख्यांमुळे. ‘पडोसन’मधल्या गाण्यात खरखरीत पृष्ठावर घासलेला कंगवा, ‘चुरा लिया’च्या सुरुवातीला काचेच्या पेल्यावर वाजणारा चमचा आणि ‘शोले’त बाटलीच्या तोंडावर मारलेली फुंकर आठवा.

हे तंत्र नीट समजावं म्हणून विष्णुपुरीच्या आसपासचेच दोन आवाज घेऊ.

पहिला आवाज शेतातल्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा. भारतातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. दर आवर्तनात ट्रान्सफॉर्मरच्या आतलं लोखंड दोनदा किंचित ताणलं-आकसलं जातं, म्हणून त्याची गुणगुण मुख्यतः सेकंदाला १०० कंपनांची असते. तिच्याबरोबर २००, ३००, ४००, ५०० अशा पटीतली कंपनंही कमी-अधिक असतात. आता १०० हा षड्ज माना. २०० म्हणजे वरच्या सप्तकाचा षड्ज. ३०० म्हणजे त्या सप्तकाचा पंचम, कारण षड्ज-पंचमाचं नातं २ ला ३ असं असतं. ४०० पुन्हा षड्ज आणि ५०० म्हणजे त्याच्यावरचा गंधार. चांगला लागलेला तंबोरा छेडल्यावर त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तोही याच पटींच्या नियमाने. डीपीची गुणगुण मुद्रित करून इक्वलायझरने हवी ती कंपनं वर आणली आणि नको ती दाबली, तर गाण्याखाली धरायला आधारस्वर मिळतो. शिवाय वीजजाळ्याचा वेग देशभर एकच असल्यामुळे नांदेडची डीपी आणि लातूरची डीपी जवळपास एकाच सुरात असतात.

दुसरा आवाज धरणाचे दरवाजे उघडल्यावरच्या पाण्याच्या लोटाचा. या आवाजात खालपासून वरपर्यंतची सगळी कंपनं एकदमच असतात, त्यामुळे त्यात सूर धरता येत नाही. तरीही तो फार कामाचा आहे. त्यातला एक अरुंद पट्टा ठेवून बाकीचं गाळलं, तर वाऱ्यासारखा घोंगावणारा स्वर मिळतो. त्याचे अगदी छोटे तुकडे कापून तालात लावले, तर झांजेसारखी छन्नक मिळते. हेच मुद्रण अर्ध्या वेगाने वाजवलं, तर आवाज एक सप्तक खाली येतो आणि दुप्पट लांबतो. उपसा योजनेचे पंप, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी यांचा ठेका मोजून गाण्याची लय त्यांच्यावर बेतता येते.

संगणकात हे कसं साठतं? माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनं ऐकू येतात. आवाज अंकांत नोंदवायचा, तर सगळ्यात वरच्या कंपनांकाच्या दुपटीहून जास्त वेळा त्याचं माप घ्यावं लागतं. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापं ठरली. चित्रपटाच्या कामात ४८,००० घेतात. आजच्या साध्या मोबाईलमध्येही हे होतं. यंत्राची अडचण मोठी राहिलेली नाही. काय ऐकायचं आणि त्यातलं काय ठेवायचं, याची पारख करणारा कान मात्र ज्याचा त्यालाच कमवावा लागतो.

स्नेहाला केवळ गोंगाटाची संगीतकार म्हणणं मात्र चूक ठरेल. नंदिता दास यांच्या ‘मंटो’मध्ये (२०१८) तिने फैज यांच्या नज्मेला दिलेली चाल रशीद खान आणि विद्या शहा यांनी गायली आहे. तिथे यंत्रांची करामत नाही, शब्दांना जपणारी स्वरांची शिस्त आहे. ‘खूबसूरत’ (२०१४), ‘रात अकेली है’ (२०२०) यांचा बाजही निरनिराळा. आजोळच्या गाण्याची तालीम आणि फिरतीत कमावलेला कान, दोन्ही तिच्यापाशी आहेत. कुठे काय वापरायचं ते ती गोष्टीवर सोपवते.

गाणाऱ्याचं नाव

लोकसंगीतावर काम करताना एक प्रश्न टाळता येत नाही. गाणं कुणाचं? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीला कायद्याने कुणी एक मालक नसतो. त्यामुळे ‘पारंपरिक’ असं लिहून कुणीही ती उचलू शकतो, आणि अनेकांनी उचलली. ज्याच्या ओठांवर ती जगली, त्याच्या पदरात काहीच पडलं नाही. आपल्या गोंधळ्यांच्या, वाघ्या-मुरळीच्या, बंजारा तांड्यांच्या कितीतरी चाली अशाच शहरात गेल्या आणि निनावी झाल्या.

गायकाचा हक्क मात्र वेगळा आहे. चाल पारंपरिक असली, तरी ती गाणाऱ्याचं सादरीकरण हे त्याचं स्वतःचं असतं. आपल्या कॉपीराइट कायद्याने सादरकर्त्याचा हा हक्क मानला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. त्याच्या संमतीशिवाय मुद्रण करून ते विकणं हा हक्कभंग आहे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही पक्का केला. ही दुरुस्ती २१ जून २०१२ला लागू झाली, म्हणजे ‘वासेपूर’ पडद्यावर येण्याच्या आदल्याच दिवशी. राजबीर, देसराज लचकानी, रेखा झा, खुशबू राज, वेदेश सोकू ही नावं आज आपल्याला माहीत आहेत, कारण गाणी त्यांच्याच आवाजात आली आणि त्यांच्या नावाने आली. माझ्या मते स्नेहाच्या कामाचा हा सर्वांत मोठा भाग आहे.

महाराष्ट्रात याचा एक आदर्श आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हा ठेवा आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात खुला आहे. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव तिथे नोंदलेलं असतं. त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा कातर आवाज आहे, आणि माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. जातं बंद पडलं तरी आवाज राहिला, नावासकट राहिला.

विष्णुपुरीच्या चहूबाजूंना

आता विष्णुपुरीहून चहूकडे नजर टाका. नांदेडात तख्त सचखंड हुजूर साहिबचं कीर्तन आणि नगारा. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथेच देह ठेवला, तेव्हापासून पंजाबी सूर गोदाकाठी नांदतो आहे. लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा: वाघ्यांची दिमडी, मुरळीची घाटी, जनावरांचा बाजार आणि लावणीचा फड. माहूरला रेणुकामातेपुढे गोंधळ्यांचं संबळ आणि तुणतुणं. संबळाच्या जोडीतलं एक वाद्य टोकाशी वाकवलेल्या काठीने वाजतं आणि त्याचा तो दबून उठणारा घुमारा कुठल्याही यंत्रात तयार मिळत नाही. किनवटकडे गोंड आणि कोलाम वस्त्यांत दंडारीचे ढोल, तांड्यांवर होळीच्या लेंगी, कंधारच्या दर्ग्यात कव्वाली. देगलूरच्या बाजूला मराठीत तेलुगूचा हेल मिसळतो, उदगीरच्या बाजूला कन्नडचा, आणि शहरभर दखनी बोलीची मिठास. हरियाणात आणि बिहारमध्ये स्नेहाला जे शोधत जावं लागलं, तितकं श्रीमंत भांडार इथे एका दिवसाच्या एसटी प्रवासात आहे.

तेव्हा सुरुवात कशी करायची, तेही सांगतो. एक जागा निवडा आणि तिथे पुन्हापुन्हा जा. पहिल्या भेटीत यंत्र बाहेर काढू नका. बसा, ऐका, ओळख होऊ द्या. मुद्रण करण्याआधी परवानगी मागा आणि त्या मुद्रणाचं काय करणार ते सरळ सांगा. फोनचा माइक वाऱ्यापासून आडोशाला धरा, आवाजाची पातळी लाल रेषेच्या खाली ठेवा, आणि गाणं संपल्यावरही अर्धा मिनिट थांबून त्या जागेची नुसती शांतता टिपून घ्या. जोडकामाला तीच उपयोगी पडते. प्रत्येक मुद्रणाबरोबर तारीख, गाव, वाद्य आणि गाणाऱ्याचं नाव लिहा. मूळ मुद्रणाची एक प्रत जशीच्या तशी जपून ठेवा. आपली रचना तयार झाली की ती सगळ्यात आधी त्या माणसाला ऐकवा. तिच्यातून पैसे मिळाले, तर त्याचा वाटा त्याच्या हातात द्या. संगीत शिकणारा आणि माध्यमं शिकणारा अशी दोघांची जोडी जमली, तर काम आणखी सोपं होईल.

मुंबईला जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण जाण्याआधी आपल्या चार जिल्ह्यांचे आवाज ऐकून घ्या आणि ते गाणाऱ्यांच्या नावासकट नोंदवून ठेवा. संबळ वाजवणारे, ओव्या गाणारे, लेंगी म्हणणारे हात आणि गळे म्हातारे होत चालले आहेत. हे काम बाहेरून येऊन कुणी करणार नाही, ते तुम्हालाच करायचं आहे.